यश कशावर अवलंबून? स्वभावावर की परिस्थितीवर?

मन आवरले की अभ्यास होतो, असे आपण नेहमी ऐकतो. पण अभ्यासातील यश मुलाच्या स्वभावावर अधिक अवलंबून असते, की घरच्या परिस्थितीवर?

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात काही प्रयोग सुरू केले. चार-पाच वर्षांच्या मुलासमोर मार्शमॅलो, म्हणजे साखरेची मऊ वडी, किंवा तसाच काही खाऊ ठेवीत. मोठे माणूस परत येईपर्यंत थांबले तर दोन मिळणार, नाहीतर एकच! ही मुले मोठी झाल्यावर त्यांची माहिती पुन्हा गोळा केली गेली. अधिक वेळ थांबलेल्या मुलांना महाविद्यालय-प्रवेशाच्या परीक्षेत सरासरीने अधिक गुण मिळाल्याचे १९९० साली प्रसिद्ध झाले.

मग संयम हेच यशाचे कारण मानायचे का? थोडे थांबा. ही मुले बहुतांशी विद्यापीठाच्या परिसरातील सुशिक्षित घरांतली होती. दोन बियाण्यांची तुलना करायची, तर ती एकाच प्रतीच्या जमिनीत पेरावी लागतात. एक काळ्या जमिनीत आणि दुसरे खडकाळ माळावर पेरले, तर पिकातील फरक बियाण्याचा की जमिनीचा, हे कसे कळणार?

हीच दक्षता घेऊन टायलर वॉट्स, ग्रेग डंकन आणि हाओनान क्वान यांनी २०१८ साली ९१८ मुलांची माहिती तपासली. ज्यांच्या आईने पदवी घेतलेली नव्हती, अशा मुलांकडे त्यांनी विशेष लक्ष दिले. लहानपणीचा संयम आणि पंधराव्या वर्षीची अभ्यासातील प्रगती यांतील संबंध पूर्वीच्या मानाने सुमारे निम्माच आढळला. मग कौटुंबिक पार्श्वभूमी, घरातील वातावरण आणि मुलाची आकलनशक्ती सारखी धरून तुलना केली, तेव्हा उरलेला संबंधही सुमारे दोन-तृतीयांशाने घटला.

मूल थांबत नाही, ते का? सेलेस्ट किड व सहकाऱ्यांनी २०१३ साली २८ मुलांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. निम्म्या मुलांना आधी चांगले रंग देण्याचे वचन देऊन ते मोडले, तर निम्म्यांच्या बाबतीत ते पाळले. नंतर खाऊसमोर पहिली मुले सरासरी ३ मिनिटे थांबली, तर दुसरी १२ मिनिटे! शब्द पाळला जात नाही असा अनुभव आला, की हाती आहे ते घेणे हा शहाणपणाच ठरतो.

याचा अर्थ चिकाटी निरुपयोगी आहे, असा नव्हे. तसेच गरिबी हेच एकमेव कारण, असेही या आकड्यांवरून सिद्ध होत नाही. पण "याला चिकाटीच नाही" असा शिक्का मारण्यापूर्वी त्या मुलाला अभ्यासाला जागा, पुस्तके आणि पोटभर जेवण मिळते का, हे पाहणे शास्त्रीय दृष्टीला धरून होईल.

विचार करा : बर्फाचे गोळे जास्त खपतात त्याच महिन्यांत विहिरी आटतात. मग गोळ्यांमुळे विहिरी आटतात का? दोहोंमागचे समान कारण कोणते?