चटईवरचं नागपूर

भाची : मावशी, गाड्या खेळायच्या चटया बाजारात रस्ते छापून तयार मिळतात. घरी शिवायचा खटाटोप काऊन करायचा?

मावशी : त्या चटया नीट पाहिल्यास का? कितीतरी चटयांवर गाड्या उजव्या हातानं जातात. लेकरू नागपूरचं अन् रस्ता भलत्याच मुलखाचा! आपल्या चटईवर गाडी डावीकडूनच जाईल. मधे झिरो माईलचा खांब अन् त्याचे चार घोडे. सीताबर्डीला मेट्रोचे दोन मार्ग एकमेकांना छेदतात, तिथं एक नारिंगी गोट, एक निळसर गोट. नाग नदी पुलाखालून काढ.

भाची : पण कापडावर गाडी धावेल का? चाकं एवढुशी असतात.

मावशी : गोधडीसारखी मऊ केलीस तर रुततील. आत कापूस नको, फोम नको. खाली जुना जाड पडदा, मधे एक झिजलेली चादर, वर मांजरपाट. सगळं आधी धुऊन घे. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, मग चुण्या पडतात.

भाची : बरं. मापाचं काय?

मावशी : तीन बाय चार फूट पुरे. मुठीत मावणारी गाडी तीनेक सेंटिमीटर रुंद असते, म्हणून दुहेरी रस्ता दहा सेंटिमीटरचा धर. रस्त्याला जुनी जीन्स. मशीनला सोळा नंबरची सुई लाव, बारीक सुई मोडेल.

भाची : मावशी, धावेल ना पण? मांजरपाटावरून जीन्सवर चढताना अडकली तर?

मावशी : म्हणून तर जीन्सची कड दुमडायची नाही. दुमडली की तिथं उंबरठा होतो. कच्ची कड झिगझॅग टाक्यानं दाबून टाक. वळणावर सरळ पट्टी ओढून वाकवू नकोस, चुणी पडते अन् गाडी तिथंच उलटते. वळण कागदावर काढ, तसंच अख्खं काप. रस्ते आधी फक्त वरच्या कापडावर शिव, थर मागाहून जोड. मग तिन्ही थरांतून चार-चार बोटांवर धावदोरा घाल, चटई ताठ राहील.

भाची : मांजरपाट गांधीबागेतून आणते.

मावशी : आण, पण पारखून आण. सुती म्हणून पॉलिस्टर गळ्यात मारतात, माझ्याही मारलंय एका दुकानदारानं. दोरा ओढून जाळून पाहा. सुताची राख होते, पॉलिस्टर वितळून त्याची गोळी होते. बाप्पा, १८७७ साली जमशेटजी टाटांनी ज्या गावात एम्प्रेस मिल सुरू केली, त्या गावात आज दोरा जाळून कापड ओळखावं लागतं! मिलच्या नावाचा मॉल तेवढा राहिला.

भाची : अन् धावली नाही तर?

मावशी : तर गाडी घेऊन ये. रस्ता कापायच्या आधी जीन्सचा तुकडा मांजरपाटावर टाचून गाडी ढकलून बघ, शंका तिथंच मिटेल.

भाची : सिग्नलला लाल, पिवळं, हिरवं बटण लावू?

मावशी : नको. लेकरू दोन वर्षांचं आहे, बटण उपटलं की तोंडात घालेल अन् घशात अडकेल. घोडेसुद्धा कापडाचेच काप. सिग्नल दोऱ्यानं भर.