कुलाब्याचें उपासनामंदिर व त्याची ठेवण

कर्जत-खालापुराकडील मंडळ्यांतील जे बंधुभगिनी आगगाडीनें मुंबईस जातात, त्यांनीं कुलाब्याचें सेंट जॉनचें मंदिर अवश्य पाहावें. लोक त्यास अफगाण चर्च म्हणतात. त्याचा समर्पणविधि १८५८ सालीं झाला. परंतु हेन्री कॉनिबेअर यानें त्याची ठेवण इंग्लंडांतील १३ व्या शतकाच्या ग्राममंदिरांवरून घेतली.

त्या जुन्या मंदिरांत पूर्वेस वेदीचा भाग व पश्चिमेस मंडळीचें सभागृह असे. वेदीकडील दुरुस्ती पाळकाच्या उत्पन्नांतून होई. सभागृहाची मात्र गांवकऱ्यांनींच करावी, अशी वहिवाट होती. कौलें फुटतांच मिशनकडे पाहणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

या ठेवणीचा जीव टोंकदार कमानींत आहे. अर्धवर्तुळाकार कमान भार बाजूंस फार रेटते. टोंकदार कमान तो बराचसा सरळ खालीं उतरविते, व उरलेला रेटा भिंतीबाहेरचे दगडी टेकू झेलतात. म्हणून भिंतींत उंच खिडक्या ठेवितां आल्या.

१८३८ ते १८४३ या काळांत सिंध व अफगाणिस्तान येथील मोहिमांत जे मेले, त्यांचें हें स्मारक. अंमलदारांचीं नांवें भिंतींवर आहेत. सामान्य शिपायांची संख्या फार, म्हणून त्यांचीं नाहींत, असें तेथील लेखच सांगतो. आम्हांस हें खटकतें. उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांस नांवानें ओळखितो, हें योहानाच्या १० व्या अध्यायांत आपण शिकलों आहों.

उपदेशकांनीं आपल्या गांवचें मंदिर बांधितांना दगड कोणीं वाहिले, हें वृद्धांस विचारून तीं नांवें मंडळीच्या वहींत लिहावीं.