दोन सेंटिमीटरमधली मोटार

नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यात खापर नावाचे गाव आहे. सातपुड्याच्या पायथ्याचे, गुजरातच्या सीमेजवळचे. अंकलेश्वर–बऱ्हाणपूर महामार्ग इथून जातो. समजा, या गावातील आठवी-नववीच्या मुलांनी छोट्या मोटारी जमवणाऱ्यांचे एक मंडळ काढले. वर्गणी गोळा झाली, नियम ठरले आणि प्रश्न आला तो बोधचिन्हाचा. ते रबरी शिक्क्यावर हवे, वहीच्या मुखपृष्ठावर हवे आणि भिंतीवरही हवे. ते काढायचे कसे?

मी शाळेत असताना आमच्या विज्ञान मंडळाचे बोधचिन्ह मीच काढले होते. सूक्ष्मदर्शक, पुस्तक, पणती, अणू आणि उगवता सूर्य, सगळे त्यात होते! ड्रॉइंगच्या मोठ्या कागदावर ते फार देखणे दिसले. शिक्का करून आणला, तेव्हा कागदावर उमटला तो एक काळा गोळा. वर्गणीचे पैसे तर गेलेच. शिवाय वर्षभर आमच्या प्रत्येक प्रमाणपत्रावर तो गोळाच उमटत राहिला. तसे का झाले, हे मला पुष्कळ वर्षांनी एका खेळण्यातल्या मोटारीने शिकवले.

मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात पूर्वी तयार होत असलेली प्रीमियर पद्मिनी ही मोटार तुम्ही निदान चित्रात तरी पाहिली असेल. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती रस्त्यावर २०२३ पर्यंत होती. तिची लांबी सुमारे ३.९ मीटर. संग्राहकांच्या आवडत्या १:६४ या प्रमाणात ती केली, तर खेळण्याची लांबी ३९०० ÷ ६४, म्हणजे साधारण ६१ मिलिमीटर येईल. आता वजन काढू. लांबी, रुंदी आणि उंची हे तिन्ही ६४ पटींनी कमी झाले, म्हणून घनफळ ६४ × ६४ × ६४ = २,६२,१४४ पटींनी कमी होईल. खऱ्या मोटारीचे वजन सुमारे ९०० किलो धरले, तर खेळणे भरेल जेमतेम साडेतीन ग्रॅम!

पण तुमच्याकडची धातूची मोटार किराणा दुकानातल्या तराजूवर ठेवून पाहा. ती तीस-चाळीस ग्रॅम भरते. हे दहा पटीने वाढलेले वजन आले कोठून?

खऱ्या मोटारीचा पत्रा सुमारे १ मिलिमीटर जाड असतो. त्याचा चौसष्टावा भाग म्हणजे ०.०१६ मिलिमीटर, वहीच्या कागदाच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतका. असा पत्रा हातात धरताच चुरगळेल. शिवाय ही खेळणी जस्ताचा मिश्रधातू वितळवून तो पोलादी साच्यात दाबाने भरून करतात. इतक्या अरुंद फटीत रस शिरण्यापूर्वीच थिजेल. म्हणून कारागीर पत्र्याची जाडी प्रमाणाबाहेर वाढवतो, दाराच्या मुठी अंगालाच चिकटवून टाकतो, एरियल तर गाळूनच टाकतो. लंडनच्या लेस्नी कंपनीने १९५३ मध्ये ‘मॅचबॉक्स’ मोटारी काढल्या, तेव्हा तर मोटार आगपेटीएवढ्या खोक्यात बसली पाहिजे, हाच मुख्य नियम होता. प्रमाण त्यानुसार बदलत असे. कंपनीचे एक भागीदार जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत आगपेटीत मावेल एवढेच खेळणे नेण्याची परवानगी होती, त्यातून ही कल्पना निघाली. लहान करताना सगळेच सारख्या प्रमाणात लहान करून चालत नाही, हे त्या कारागिरांना पक्के ठाऊक होते. मला ते ठाऊक नव्हते.

आता शिक्क्याकडे वळू. आपले चित्र २० सेंटिमीटर व्यासाचे आणि शिक्का २ सेंटिमीटरचा, म्हणजे सर्व मापे दहाने भागली जाणार. चित्रात दोन रेघांमध्ये ३ मिलिमीटरची फट असेल, तर शिक्क्यावर ती ०.३ मिलिमीटर उरेल. कागदाच्या तंतूंमध्ये शाई केशाकर्षणाने पसरते. ती दोन्ही बाजूंनी ०.१५ मिलिमीटर जरी पसरली, तरी फट बुजली. माझा गोळा झाला तो असा! म्हणून नियम करू, की मूळ चित्रात ६ मिलिमीटरपेक्षा अरुंद फट ठेवायची नाही. मग शाई पसरूनही ०.३ मिलिमीटर जागा उरेल. निरोगी डोळ्याला दोन रेघा वेगळ्या दिसण्यासाठी त्यांच्यातील फटीने डोळ्याशी सुमारे एक मिनिटाचा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाचा कोन करावा लागतो. ३० सेंटिमीटरवरून ही फट ०.०९ मिलिमीटर येते. तेव्हा डोळ्याची काळजी नको. शिक्क्यावर अडचण शाईची असते.

भिंतीवर मात्र उलटे. तेथे रंग पसरण्याचा प्रश्न क्षुल्लक, आणि अंतर मोठे. एक मिनिटाच्या कोनाचे गणित सोपे करून सांगायचे तर फटीच्या सुमारे ३,४०० पट अंतरापर्यंत ती दिसते. चित्र पाच पट मोठे करून १ मीटरचे केले, की ६ मिलिमीटरची फट ३ सेंटिमीटर होईल आणि चांगल्या उजेडात शंभर मीटरवरून ओळखता येईल. रंग मात्र पाच पट नव्हे, पंचवीस पट लागेल. वर्गणीचा हिशेब करताना हे विसरू नका.

आता चित्र काय काढायचे? खानदेशात मांडे आणि पुरणपोळ्या ज्या पालथ्या मातीच्या भांड्यावर भाजतात, त्यालाही खापरच म्हणतात. त्याचा घुमट म्हणजे जणू मोटारीचे छतच! तेव्हा २० सेंटिमीटरच्या चौरसात १ सेंटिमीटरच्या चौकटी आखा आणि डाव्या खालच्या कोपऱ्यापासून मापे घ्या. (१०, ९) हा मध्य घेऊन ५ सेंटिमीटर त्रिज्येचे अर्धवर्तुळ वरच्या बाजूस काढा. हे झाले खापर. त्याखाली २.५ ते १७.५ पर्यंत रुंद आणि ६ ते ९ पर्यंत उंच असा आयत जोडा. (६.५, ६) आणि (१३.५, ६) येथून २.४ त्रिज्येची वर्तुळे काढून आयतात आलेला भाग कोरा ठेवा. त्याच मध्यांवरून १.८ त्रिज्येची चाके भरा. चाक आणि अंग यांत बरोबर ६ मिलिमीटर फट राहिली की नाही?

आता थोडे दूर जाऊन पाहा. मोटार दिसते, की कासव? मला तरी कासवच दिसले. छताच्या मध्यावरून ३.५ त्रिज्येचे अर्धवर्तुळ कोरे केले आणि मध्ये १ सेंटिमीटरचा खांब ठेवला, की दोन खिडक्या होतात आणि कासवाची मोटार होते.

ही आकृती डाव्या-उजव्या बाजूंनी सममित आहे. त्यामुळे मोटार कोणीकडे चालली ते कळत नाही, पण शिक्का उलटा कोरण्याची चिंता अर्धी मिटते. नावाच्या अक्षरांना ही सवलत नाही. ती आरशातल्यासारखी उलटीच कोरावी लागतात. त्यातही ‘ख’ जपून काढा. त्याच्या दोन भागांची तळाशी जोडणी नसेल, तर मंडळ ‘रवापर’चे होईल. भिंतीसाठी पुठ्ठ्याचा साचा कापणार असाल, तर खिडक्यांचे तुकडे सुटून खाली पडतील. त्यांना छतातून बाहेरच्या पुठ्ठ्याशी जोडणारी एकेक पट्टी ठेवा.

मोठ्यांची बोधचिन्हेही याच कसोटीवर पाहावी. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतील शेखर कामत यांनी १९७१ मध्ये स्टेट बँकेसाठी निळे वर्तुळ आणि त्यात किल्लीच्या भोकासारखी कोरी जागा, एवढेच काढले. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण गावोगावच्या रंगाऱ्यांनी नुसत्या पट्टीने काढला. मुंबईच्या आय.आय.टी.तून पुढे आलेले डी. उदयकुमार यांचे ₹ हे चिन्ह सरकारने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले. त्यात वरच्या दोन आडव्या रेघांमधली फट महत्त्वाची आहे. वर्तमानपत्रातील बारीक छपाईत ती बुजते का, ते भिंगातून तपासा. नंतर आपली मोटार २ सेंटिमीटरची काढा, अर्ध्या कापलेल्या बटाट्यावर कोरा आणि शाईत बुडवून वहीच्या शेवटच्या पानावर उमटवा. खिडक्या बुजल्या, तर मूळ चित्रातला खांब थोडा बारीक करून पुन्हा कोरा. बटाटा वर्गणीतून आणावा लागत नाही.