दोन वर्षांचा वीजतंत्री की तीन महिन्यांचा कोर्स?

प्रश्न : मुलगा यंदा दहावी झाला. त्याला आयटीआयमध्ये वीजतंत्री व्हायचंय. घरचे म्हणतात, आयटीआय म्हणजे शिक्षण संपलं. शेजारचा मुलगा तर तीन महिन्यांत सर्टिफिकेट घेऊन आला. मग दोन वर्षं कशाला घालवायची? – एक आई, संगमनेर

उत्तर : ताई, आधी शेजारच्या मुलाचं बघू. आपल्याकडे २०१३ पासून राष्ट्रीय कौशल्य अर्हता चौकट आहे आणि २०२३ पासून तिच्यात आठ पातळ्या आहेत. सर्टिफिकेटवरच्या पातळीवरून काम किती अवघड आणि जबाबदारीचं आहे ते कळतं, मुलगा किती शिकला ते कळत नाही. त्यासाठी तास आणि क्रेडिट बघावे लागतात. वर्षभराचं शिक्षण म्हणजे १२०० तास आणि ४० क्रेडिट. तीनशे तासांच्या कोर्सला १० क्रेडिट मिळतात. एका कामापुरतं कौशल्य हवं असेल तर तो कोर्स चांगलाच आहे, पण त्याला आयटीआयच्या तोडीचा समजू नका.

आता ‘शिक्षण संपलं’ याबद्दल. हे ऐकलं की मला फार वाईट वाटतं, कारण या एका वाक्यामुळे कितीतरी मुलं आवडीचं काम सोडून नको त्या शाखेत जाऊन बसतात. दहावीनंतर दोन वर्षांचा वीजतंत्री किंवा जोडारी केलेल्या मुलाला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. डिप्लोमा झाला की तसाच अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला. संधाता म्हणजे वेल्डरचा व्यवसाय मात्र एकाच वर्षाचा आहे, त्यामुळे व्यवसाय निवडतानाच पुढची वाट बघून ठेवा. गणिताची सवयही या दोन वर्षांत सुटू देऊ नका. थेट दुसऱ्या वर्षाला गेलेली मुलं अडखळतात ती बहुधा तिथेच.

आयटीआयची अखिल भारतीय परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळतं. बहुतेक घरांत इथेच थांबतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे की थांबू नका, मुलाला शिकाऊ उमेदवारी करू द्या. १९६१ च्या कायद्याने तीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, आणि त्या काळात विद्यावेतनही मिळतं. शेवटची परीक्षा दिली की राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र हातात येतं. हा दुसरा, वेगळा कागद. चालू कारखान्यातलं पॅनल बंद पडलं, वरिष्ठ शेजारी उभे आहेत आणि दोष शोधायचाय, हा अनुभव वर्गातल्या बोर्डावर येत नाही.

नोकरीचं म्हणाल, तर रेल्वेत सहायक लोको पायलटच्या भरतीला ठरावीक व्यवसायांतले आयटीआय उमेदवार चालतात. महावितरणच्या विद्युत सहायक भरतीत वीजतंत्री आणि तारतंत्री लागतात. स्वतः वायरिंगची कामं घ्यायची असतील तर मात्र नुसतं प्रमाणपत्र पुरत नाही, राज्याच्या अनुज्ञापक मंडळाचा परवाना काढावा लागतो. पुढे शिकवायची आवड निर्माण झाली, तर शिल्प निदेशकाचं प्रशिक्षण आहे. मुंबईत चुनाभट्टीला त्याची राष्ट्रीय संस्था आहे.

प्रवेश घेण्याआधी एक दिवस संस्थेत जाऊन या. या व्यवसायाच्या तुकडीला राष्ट्रीय संलग्नता आहे का, हे स्पष्ट विचारा. मग कार्यशाळेत जा, आणि मोटर वाइंडिंगच्या टेबलांवर मुलांचे हात खरोखर चालतायत का ते बघा. मुलालाही बरोबर न्या.