साहित्यावाचून शाळेतील व्यायाम

प्राथमिक शाळेत व्यायामाचा विषय निघाला की प्रथम साहित्याची यादी तयार होते, आणि साहित्य येईपर्यंत व्यायाम खोळंबून राहतो. 2018 साली सुरू झालेल्या समग्र शिक्षा योजनेत प्राथमिक शाळेस क्रीडासाहित्यासाठी वर्षाला 5000 रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद करण्यात आली, ही गोष्ट स्वागतार्हच होय. परंतु आलेला चेंडू फाटू नये म्हणून कपाटात कुलूपबंद राहिला, तर त्याचा उपयोग केवळ जडवस्तू नोंदवहीपुरता होतो. चेंडू बाहेर आला तरी एक हिशेब ध्यानात घ्यावा. वर्गात चाळीस मुले, चाळीस मिनिटांचा तास आणि चेंडू एकच. एकेकाने तो हाताळावयाचा म्हटल्यास प्रत्येकाच्या वाट्यास एक मिनिट येते. उरलेला वेळ मूल रांगेत उभे असते. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली दिलेल्या मार्गदर्शनाप्रमाणे 5 ते 17 वर्षांच्या मुलांना दररोज सरासरी 60 मिनिटे अंगमेहनतीची हालचाल हवी. ती रांगेत उभे राहून होत नाही.

महाराष्ट्राच्या व्यायामपरंपरेत मल्लखांब, मुद्गल अशी साधने आहेत खरी. पण तिचा पाया जोर, बैठका आणि नमस्कार यांवर आहे. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळांतून सूर्यनमस्कार सुरू केले. त्यास प्रत्येक मुलामागे एका सतरंजीएवढी जागा पुरते. नमस्कारांसोबत मंत्र म्हणण्याची पद्धत आहे. तथापि ज्या शाळेत निरनिराळ्या धर्मांची मुले एका पटावर आहेत, तेथे शिक्षकाने केवळ आकडे मोजावेत. व्यायाम अंगाच्या हालचालीने घडतो, आणि त्यात एकही मूल बाजूस बसू नये, हे अधिक महत्त्वाचे. अमरावतीस 1914 साली स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी गेले होते. त्याने तेथे कबड्डीसारख्या देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. जो खेळ परदेशी प्रेक्षकांपुढे मांडण्याच्या योग्यतेचा ठरला, तो शाळेच्या पटांगणास कमीपणा आणणारा खचितच नव्हे.

खर्च नाही म्हणून तयारीही नको, असे मात्र कोणी समजू नये. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या पुष्कळ भागांत काळी जमीन आहे. उन्हाळ्यात तीस भेगा पडतात व धावणाऱ्या मुलाचा पाय मुरगळतो. पावसाळ्यात तीच जमीन पायाखाली निसरते. यास्तव आवारातील मुरमाड भाग निवडावा, अथवा गावकऱ्यांच्या साह्याने मुरूम टाकून घ्यावा. मुले बहुधा अनवाणी खेळतात. सराटे, बाभळीचे काटे आणि काचेचे तुकडे वेचण्याचे काम रोज पाच मिनिटे झालेच पाहिजे, व ते शिक्षकांनी स्वतः मुलांबरोबर करावे. रेषा आखण्यास चुलीतील थंड राख पुरेशी आहे. चुन्याची भुकटी वापरू नये; ती डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते.

आरंभ थोड्याने करावा. पहिला पंधरवडा केवळ पंधरा मिनिटे द्यावीत : जागच्या जागी धावणे, उड्या, चार-पाच नमस्कार, मग लंगडी. पहिली-दुसरीच्या मुलांना जोर-बैठकांच्या संख्येत अडकवू नये. त्यांना लंगडी, शिवाशिवी व बेडूकउड्या पुरेत. तिसरीपासून पुढे खो-खो घ्यावा. त्यात आठ मुले बसतात, एक पाठलाग करतो व तिघे पळतात. म्हणजे एका वेळी बारा मुले गुंततात, आणि बसलेल्यासही खो मिळताच क्षणात उठून धावावे लागते. लांब दोरीच्या उड्यांसाठी शेतातील जुना कासरा चालतो. दोघे तो फिरवितात, बाकीचे पाळीपाळीने उड्या मारतात. पाळी लवकर यावी म्हणून कासरे दोन असल्यास बरे.

वेळेचा विचार ऋतूप्रमाणे करावा. भोजनानंतर लगेच धावण्याचे खेळ घेऊ नयेत. फाल्गुन-चैत्राच्या उन्हात तर शाळा भरताच, पहिल्या प्रहरी व्यायाम उरकावा आणि पाण्याचा माठ जवळ ठेवावा. लांबच्या वस्तीवरून उपाशीपोटी चालत आलेले मूल घेरी येऊन बसल्यास त्यास आळशी म्हणू नये. त्यास सावलीत बसवून पाणी पाजावे, आणि ते सकाळी काही खाऊन येते की नाही याची चौकशी करावी.

मुलींविषयी निराळे सांगावयास हवे. त्या घरी पाणी भरतात, धुणेभांडी करतात, तेव्हा त्यांना निराळा व्यायाम कशास हवा, असा प्रश्न पालक विचारतात. पाण्याची घागर वाहण्याने खांदे व मान शिणतात. धावणे, उडी आणि हुलकावणी यांनी अंगास येणारी चपळाई त्यातून येत नाही. पालकांशी बोलताना मराठवाड्यातीलच उदाहरण सांगावे. धाराशिवची सारिका काळे 2016 च्या दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय महिला खो-खो संघाची कर्णधार होती, आणि 2020 साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोस लागतात ते दोन खांब व आखलेली जमीन. मुलींना स्वतंत्र दिवस देण्यापेक्षा रोजच्या तासात त्यांचा गट ठेवावा; स्वतंत्र दिवस पहिल्या अडचणीस रद्द होतो.

पावसाळ्यात पटांगण बंद पडले म्हणजे व्हरांड्यात नमस्कार घ्यावेत. व्हरांडा अरुंद असल्यास वर्गातील बस्करे गुंडाळून दोन तुकड्या कराव्यात. एक तुकडी नमस्कार घालीत असता दुसरीने मोठ्याने आकडे मोजावेत, आणि बारा झाल्यावर जागा बदलावी.