दस्तुरखुद्द : टपालाने आलेल्या सह्यांविषयी थोडंसं

मराठी मंडळाच्या गेल्या बैठकीत मी माझी सह्यांची फाईल दाखवायला आणली होती. पहिला प्रश्न आला, "यातली सगळ्यात महाग कुठली?" दुसरा आला, "या खऱ्या कशावरून?" पहिल्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. दुसऱ्याचं होतं, पण तास संपल्याची घंटा झाली. ते उत्तर द्यायचं म्हणून हा लेख लिहायला घेतला. लिहिता लिहिता पहिल्या प्रश्नाचंही उत्तर सापडलं.

आधी शब्द

'सही' हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीतून आला. मूळ अर्थ 'बरोबर, खरं'. कागदाखाली सही करायची म्हणजे 'वर लिहिलंय ते खरं' असं सांगायचं. 'स्वाक्षरी' हा संस्कृत वळणाचा शब्द आहे. स्वतःचं अक्षर, एवढाच त्याचा अर्थ. मला मात्र तिसरा शब्द जास्त आवडतो, 'दस्तुरखुद्द'. आज आपण "दस्तुरखुद्द मुख्यमंत्री आले" असं म्हणतो, म्हणजे ते स्वतः आले. पण फारसीत 'दस्त' म्हणजे हात. जुन्या कागदपत्रांत 'दस्तुरखुद्द' म्हणजे 'स्वतःच्या हाताने लिहिलेलं'.

मराठेशाहीतली पत्रं बहुधा मालक स्वतः लिहीत नसे. मजकूर सांगायचा मालकाने आणि मोडीत उतरवायचा कारकुनाने. वर शिक्का, शेवटी 'मर्यादेयं विराजते' अशी मोर्तब, म्हणजे पत्राची मर्यादा इथे संपली, यापुढे कोणी काही घुसडू नये. क्वचित शेवटचे चार शब्द मालक स्वतःच्या हाताने लिही. इतिहासाच्या अभ्यासकाला त्या चार शब्दांचं मोल फार, कारण तिथे कारकुनाच्या मागे उभा असलेला माणूस दिसतो.

ज्यांना लिहिता येत नसे त्यांची निशाणी असे. शेतकऱ्याच्या नावापुढे नांगर काढलेला असे. आमच्या मुळगावच्या घरात जमिनीच्या जुन्या कागदांवर पणजीच्या नावासमोर अंगठ्याचा ठसा आहे. लहानपणी मला तो डाग वाटायचा. आता कळतं की तीही तिची सहीच आहे.

सायबाने जपलेल्या सह्या

सह्या जमवणं हा सिनेमा-क्रिकेटच्या काळातला छंद आहे, असं आपण समजतो. पण टपालाने आलेल्या सह्या जपणारा एक माणूस आपल्या गोव्याशी फार जवळून जोडलेला आहे, आणि 3 डिसेंबरला त्याचं फेस्त आपण दर वर्षी साजरं करतो.

संत फ्रान्सिस झेवियर 6 मे 1542 रोजी गोव्यात आले. येशू संघातले त्यांचे सोबती रोममध्ये, युरोपात राहिले. लिस्बनहून जहाजं वर्षातून एकदा, वाऱ्याच्या हंगामात सुटत. गोव्याच्याही पलीकडे गेलेल्या माणसाला पत्राचं उत्तर मिळायला वर्षं लागत. 1546 च्या मे महिन्यात झेवियर अंबोन बेटावर होते, आजच्या इंडोनेशियात. तिथून सोबत्यांना लिहिलेल्या पत्रात ते सांगतात, की तुमच्या पत्रांतली तुमच्या हाताने लिहिलेली नावं मी कापून घेतली आहेत, आणि मनाला आधार म्हणून ती सतत जवळ बाळगतो.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी थोडा वेळ पुस्तक मिटूनच बसले. अख्खी पत्रं बरोबर नेणं कठीण होतं म्हणून त्यांनी नावं तेवढी घेतली. त्यांना त्या सह्या विकायच्या नव्हत्या, कोणाला दाखवायच्याही नव्हत्या. समुद्रापलीकडे एक हात आहे, त्या हाताने आपल्यासाठी लेखणी उचलली होती, एवढंच त्या चिटोऱ्यांतून त्यांना मिळत होतं. सही कशासाठी जपायची याचं याहून चांगलं उत्तर मला अजून कुठे भेटलेलं नाही.

पत्र कसं लिहावं

आता माझी गोष्ट. आठवीत असताना मी दहा जणांना पत्रं पाठवली. नट, खेळाडू, गायक, दोन लेखक. मजकूर एकच : "मी आपली मोठी चाहती आहे. कृपया सही पाठवावी." दहाही पत्रं एका संध्याकाळी उतरवून काढली, फक्त नाव बदललं. दोन पाकिटं पत्ता चुकल्यामुळे परत आली. पोस्टातले काका म्हणाले, "पळय गो, तुजें पाकीट परत आयलां." एकाकडून चकचकीत फोटो आला, त्यावर छापील सही. बाकी सगळी शांतता.

आमच्या मराठीच्या बाईंना मी रडगाणं सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "तू सही मागितलीस. त्यांना वाचायला काय दिलंस?"

तेव्हापासून जे शिकले ते असं :

एक. ज्याचं काम आपण खरंच वाचलंय, पाहिलंय, त्यालाच लिहावं. आणि त्या कामातली एक नेमकी गोष्ट लिहावी. 'तुमचं सगळंच छान' याला उत्तर देता येत नाही. 'अमुक कवितेत तुम्ही हा शब्द का ठेवलात' याला देता येतं. असं पत्र म्हणजे छोटी समीक्षाच असते. मराठीच्या विद्यार्थ्याला याहून चांगला सराव नाही.

दोन. पत्र एका पानात संपवावं, आणि स्वतःच्या हाताने लिहावं. समोरच्याचं हस्ताक्षर मागायचं आणि आपण टाइप करून पाठवायचं, हे बरं दिसत नाही.

तीन. आपला पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं दुसरं पाकीट आत ठेवावं. वीस ग्रॅमपर्यंतच्या साध्या पत्राला पाच रुपयांचं तिकीट लागतं, म्हणजे जाण्यायेण्याचा खर्च दहा रुपये. पोस्टकार्ड अजून पन्नास पैशांना मिळतं. जुन्या लोकांना जोडकार्ड आठवत असेल, एकावर आपला मजकूर आणि दुसरं उत्तरासाठी कोरं. कल्पना तीच, की उत्तर देणाऱ्याला उठून तिकीट शोधायला लावू नये. स्पीड पोस्ट नको. ते घेताना समोरच्याला सही करावी लागते खरी, पण ती टपाल खात्याला मिळते, आपल्याला नाही!

चार. कोणाच्या घरचा पत्ता हुडकत बसू नये. लेखकाला प्रकाशकामार्फत लिहावं, पुस्तकाच्या पहिल्या पानांत पत्ता असतो. वेळ जास्त लागतो, पण कोणाच्या दारात न विचारता गेल्यासारखं होत नाही.

पाच. एकदाच लिहावं. उत्तर आलं नाही तर आठवण करून देऊ नये. उत्तर न देण्याचा त्यांना हक्क आहे.

रांगेतली सही

टपालाला धीर लागतो. ज्यांना तो नाही त्यांच्यासाठी मेळावे आहेत. परदेशातल्या चाहत्यांच्या संमेलनांत सहीचे दर ठरलेले असतात. पैसे भरायचे, टोकन घ्यायचं, रांगेत उभं राहायचं. आपल्याकडे 2011 मध्ये दिल्लीत कॉमिक कॉन सुरू झालं आणि ती पद्धत इथल्या मुलांनाही माहीत झाली. पण मराठी माणसाचा असा मेळावा फार जुना आहे. 1878 साली पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथकारांचं पहिलं संमेलन भरलं, त्यातूनच आजची साहित्य संमेलनं आली. तिथे लेखक मांडवातून चालत असतो, पुस्तकांच्या दालनात उभा असतो, आणि हातातलं पुस्तक पुढे केलं की पहिल्या पानावर सही करतो. गोव्यात 2004 पासून पणजीला इफ्फी भरतो. तिथे लाल गालिच्याच्या कठड्यापाशी वही धरून मीही उभी राहिलेय. एक सही मिळाली. त्या नटाने माझ्याकडे पाहिलं नाही, वहीकडेही पाहिलं नाही. सही शंभर टक्के खरी आहे, माझ्या डोळ्यांदेखत झालीय. तरी फाईल उघडली की ते पान मी पटकन उलटते.

देणाऱ्याची बाजू

सही देणारे लोकही यावर विचार करत आले आहेत. गांधीजी सहीचे पाच रुपये घेत आणि ते हरिजन निधीत जमा करत. रवींद्रनाथ टागोरांकडे चीन-जपानच्या प्रवासात लोक पंखे, रेशमाचे तुकडे घेऊन येत. नुसतं नाव लिहिण्याऐवजी ते दोन-चार ओळींची कविता लिहून देत. त्यांतूनच 'लेखन' हे पुस्तक झालं, आणि ते त्यांच्या हस्ताक्षरातच छापलं गेलं. क्रिकेटपटू डॉन ब्रॅडमन निवृत्तीनंतर कित्येक दशकं अॅडलेडच्या घरी बसून जगभरच्या पत्रांना उत्तरं देत होते. उलट चंद्रावर पहिलं पाऊल टाकणाऱ्या नील आर्मस्ट्राँग यांनी 1994 च्या सुमारास सह्या देणंच थांबवलं. प्रेमाने दिलेल्या सह्या बाजारात विकल्या जात होत्या, खोट्याही फिरत होत्या. थोड्या लोकांच्या लोभापायी खऱ्या चाहत्यांचं दार बंद झालं. "सगळ्यात महाग कुठली?" या प्रश्नाची मला भीती वाटते ती यासाठी.

खरी कशावरून?

साध्या परीक्षा घरीच करता येतात. भिंगातून पाहा. छापील सहीत बहुधा बारीक ठिपके दिसतात, शाईची रेघ मात्र सलग असते. कागद उलटा करा. बॉलपेनचा दाब मागून बोटाला लागतो. सही करणारी यंत्रंही आहेत, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनीसुद्धा ती वापरलीत. यंत्राची रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जाडीची असते. सगळ्यात सोपी परीक्षा खिडकीच्या काचेवर होते. एकाच माणसाच्या दोन सह्या एकावर एक धरा. तंतोतंत जुळल्या तर संशय घ्या, कारण माणसाचा हात दोनदा अगदी सारखा कधीच चालत नाही.

आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात सही टिकवायची तर लॅमिनेशन करू नका. दमट हवा, बुरशी आणि कसर हे तिन्ही शत्रू. कोरड्या जागी, उन्हापासून दूर, साध्या चांगल्या कागदांमध्ये ठेवा, आणि पाऊस सरला की फाईल उघडून वारा द्या.

एक पोस्टकार्ड

या सगळ्या परीक्षांत नापास होणारी एक सही माझ्याकडे आहे.

बारावीत असताना मी एका वृद्ध कवींना प्रकाशकामार्फत पत्र लिहिलं. त्यांच्या एका कवितेत आमच्याकडच्या बोलीतला एक शब्द होता, तो त्यांना कुठे मिळाला असं विचारलं होतं. दोन-अडीच महिन्यांनी पोस्टकार्ड आलं. अक्षर गोल, नीटस, कवींचं नक्कीच नव्हतं. त्यांच्या मुलीने लिहिलं होतं, की बाबांचा हात आता चालत नाही, ते सांगतायत आणि मी उतरवतेय. तो शब्द त्यांनी लहानपणी घरी कामाला येणाऱ्या एका बाईंच्या तोंडून ऐकला होता. त्या बाई कुठून आल्या होत्या, हे पुढे कधी विचारायचं राहून गेलं, असंही त्यात होतं. शेवटचं वाक्य : "सही मात्र त्यांनीच करायचा हट्ट धरला." त्याखाली एक थरथरती, वर चढत गेलेली रेघ. पहिलं अक्षर ओळखू येतं, पुढचं नाही.

सह्या जमवणाऱ्या एका गृहस्थांना मी ते दाखवलं. त्यांनी कवींची जुनी सही शेजारी धरली आणि म्हणाले, "जुळत नाही. याला किंमत नाही." त्यांच्या हिशेबाने ते बरोबर होते. मी काही बोलले नाही, पण बसमध्ये घरी येईपर्यंत कार्ड हातातच धरून होते.

नंतर मोडी पत्रांविषयी वाचताना लक्षात आलं, हे कार्ड अगदी जुन्या रीतीचं आहे. मजकूर लिहिणाऱ्याच्या हातचा, आणि शेवटी मालकाची स्वतःच्या हातची खूण. दस्तुरखुद्द. जुन्या सहीशी ती जुळत नाही, कारण तो हात आता जुना राहिला नव्हता. न जुळणं हाच तिच्या खरेपणाचा पुरावा.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे. माझ्या फाईलीतली सगळ्यात महाग सही ही, आणि ती विकायला काढली तर कोणी पन्नास पैसेसुद्धा देणार नाही.

पुढच्या बैठकीला मी पोस्टकार्डांचा एक गठ्ठा घेऊन येणार आहे. प्रत्येकाने एक घ्यावं, आणि ज्याचं एखादं पुस्तक मनात राहिलंय अशा एका लेखकाला पाच ओळी लिहाव्यात. सही मागितली नाही तरी चालेल. खाली आपली मात्र करावी, नाव वाचता येईल अशी.