समुद्राची विद्या : वरळी कोळीवाड्याचा एक अभ्यास

भरती-ओहोटीचे कारण चंद्राचे आकर्षण, एवढे आपण भूगोलात शिकतो. भरती नेमकी कधी येईल, हे मुंबईचा कोळी तिथीवरून सांगतो. तिथीची पाऊणपट केली की स्थूल वेळ मिळते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा. म्हणून भरती सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीस उधाण म्हणतात, अष्टमीच्या लहान भरतीस भांग. डोल नावाचे पिशवीसारखे जाळे या प्रवाहावरच बोंबील आणि जवळा धरते. ही विद्या शाळेत शिकवलेली नव्हे. ती पिढ्यांच्या निरीक्षणातून आली आहे.

मात्र आता समुद्र पूर्वीच्या हिशेबाने वागत नाही. ऑक्टोबर 2019 मध्ये अरबी समुद्रात ‘क्यार’ उठले, 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ अलिबागजवळ किनाऱ्यावर आदळले आणि मे 2021 मध्ये ‘तौक्ते’ आले. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदच असते. उरलेल्या हंगामातून वादळाच्या इशाऱ्यांचे दिवस वजा होतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते बांबूच्या मांडवावर वाळत घालतात. त्यावर अवकाळी पाऊस पडला की माल नासतो, आणि तो फटका प्रथम सुकवणाऱ्या व विकणाऱ्या स्त्रियांना बसतो.

हा झाला निसर्गातला बदल. दुसरा बदल माणसाने केलेला, आणि तो मुंबईत जुना आहे. अठराव्या शतकात हॉर्नबी वेलार्डच्या बांधाने वरळीजवळची खाडी अडवली गेली. बेटे जोडल्याचा हा इतिहास आपण कौतुकाने शिकवतो. त्यात पाणी कोणाचे गेले, हा प्रश्न परीक्षेला कधी येत नाही.

तो प्रश्न किनारी रस्त्याच्या वेळी वरळीच्या मच्छीमारांनी विचारला. त्यांच्या होड्यांच्या वाटेवर पुलाच्या दोन खांबांत 60 मीटर अंतर ठेवले होते. ते पुरेसे आहे, असे प्रशासनाचे म्हणणे. वारा आणि प्रवाह आडवे लागले की होडी सरळ रेषेत जात नाही, ती खांबावर आपटेल, असे कोळ्यांचे म्हणणे. 2021 मध्ये त्यांनी होड्या समुद्रात उभ्या करून काम रोखले. हाताने राबणाऱ्याच्या डोक्यातील विद्येला विद्या मानायचे नाही, ही जातिव्यवस्थेची जुनी खोड. बाबासाहेब वाचलेल्या विद्यार्थ्यास ती येथे सहज ओळखू येईल.

अखेर 2022 च्या डिसेंबरात शासनाने एक खांब वगळून अंतर 120 मीटर करण्याचे मान्य केले. मच्छीमारांची मागणी याहून अधिक अंतराची होती. आराखडा कागदावर असतानाच त्यांना का विचारले गेले नाही, हा प्रश्न नववी-दहावीच्या वर्गांनी चर्चेस घ्यावा. त्यापूर्वी पंचांग समोर ठेवून आजच्या तिथीची भरती काढून पाहावी.